बाजारापासून बाजारापर्यंतची समता

युरोप खंड आणि इंदापूर तालुका यांनी मानवी समतेच्या लढ्यात एकदा खांद्याला खांदा लावला होता, आणि इतिहासाच्या त्या क्षणी मी दोघांच्या बरोबर मधोमध उभा होतो. मधोमध उभं राहण्याचं कारण एवढंच, की पाहुण्यांना मराठी येत नव्हतं, सरपंचांना इंग्रजी येत नव्हतं, आणि जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी कादंबऱ्या वाचणारा म्हणून मी कचेरीत बदनाम होतो.

मी तालुक्याला समाजकल्याणाचं काम बघत असे. राहायला बारामतीत, नोकरीला इंदापुरात, आणि उरलेलं आयुष्य एसटीत. बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगायचं तर असं : सरकारकडे योजना असते, गावाकडे गरजू माणूस असतो, आणि दोघांची गाठ पडू नये अशी व्यवस्था कुणीतरी फार विचारपूर्वक केलेली असते. त्या व्यवस्थेतून वाट काढणं ही माझी नोकरी. त्यातही माझ्या वाट्याला भटके-विमुक्त आलेले. त्यांच्यासाठीच्या बहुतेक योजनांची पहिली अट म्हणजे कायमचा पत्ता. मी एकदा साहेबांना विचारलं, की ज्याला कायमचा पत्ता आहे तो भटका कसा?

साहेब म्हणाले, "म्हणून तर अर्जदार कमी येतात. खातं सुरळीत चालतं."

हेच साहेब एकदा कचेरीच्या दारात आलेल्या नंदीबैलाला विचारून बसले, की माझी बदली होईल का? बैलानं मान डोलावली. महिन्याभरात बदली झाली, थेट गडचिरोलीला. साहेबांनी नंदीवाल्याच्या नावानं बोटं मोडली. नंदीवाला शांतपणे मला म्हणाला, "साहेबांनी ठिकान कुठं इचारलं? बैल इचारलं तेवढंच सांगतो." सरकारी नोकरीत इतकी नेमकी उत्तरं देणारा प्राणी मला पुन्हा भेटला नाही.

पण मला सांगायचंय ते घिसाड्यांबद्दल.

घिसाडी म्हणजे फिरते लोहार. बैलगाडीत ऐरण, भाता आणि पोरंबाळं घालून गावोगाव जायचं, गावाबाहेर पाल ठोकायचं, विळे-खुरपी घडवायची, नांगराचे फाळ ठोकून द्यायचे, आणि पुढच्या गावाला निघायचं. त्यांच्या कामाची एक रीत बघायला मी मुद्दाम थांबत असे. लाल झालेलं लोखंड चिमट्यात धरून बसतो तो नवरा, आणि उभी राहून दोन्ही हातांनी घण मारते ती बायको. नवरा लोखंड फिरवत जातो, बायको हाणत जाते. संसाराचं इतकं प्रामाणिक चित्र मी दुसऱ्या कुठल्याही समाजात पाहिलेलं नाही.

सखूबाई आणि भगवान हे असंच एक जोडपं. कळंब आणि सणसर यांच्या मधे कुठंतरी असलेल्या एका गावाबाहेर, चिंचेखाली, त्यांचं पाल वर्षातून दोनचारदा पडायचं. गावाचं नाव मी सांगत नाही. आसपासच्या सगळ्या गावांनी ते आपलं नव्हे असं समजून समाधान मानावं. गावाची एक जुनी चाल होती : पाल बाजारापासून बाजारापर्यंत. म्हणजे एका आठवडेबाजाराला यायचं आणि पुढच्या बाजाराला उठायचं. खुरपी सगळ्यांना हवी असत, खुरपी करणारा मात्र आठवड्याच्या वर नको असे. कुणाच्या घरातला तांब्या जरी हरवला तरी गाव आधी चिंचेखाली जाऊन बघे. तांब्या बहुधा स्वतःच्याच गोठ्यात सापडे. मग गाव परत येई, पण माफी मागायला चिंचेखाली कुणी जात नसे; अंतर फार पडायचं.

या जोडप्याची मुलगी सोनी. आठ-नऊ वर्षांची. तिला शाळेची भयंकर हौस. पाल जिथं पडेल तिथल्या शाळेत ती पहिल्याच दिवशी जाऊन मागे बसायची. मास्तर नवं पोर बघून पहिलीचं पुस्तक काढत आणि पहिला धडा घेत. धडा संपेपर्यंत बाजार येई. पुढच्या गावात पुन्हा नवे मास्तर, पुन्हा पहिला धडा. अशा रीतीनं सोनीला पहिला धडा तालुक्यातल्या निम्म्या मास्तरांनी शिकवला होता. तो तिला सरळ यायचा, उलटा यायचा, चालीत यायचा, आणि कुठले मास्तर कुठल्या ओळीला खोकतात त्या खोकल्यासकट यायचा. पण पुढचं पान तिच्यासाठी कुणी उलटलेलं नव्हतं.

एकदा सखूबाईनं मला गाठलं. घण खाली ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, "साहेब, तुमी शिकल्यालं. येक सांगा. दुसरा धडा कुठल्या गावात मिळतुया?"

मी "बघतो" म्हणालो. आमच्या खात्यात न आलेल्या उत्तराला "बघतो" म्हणतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नव्या साहेबांनी मला बोलावलं. युरोपातून एका संस्थेची माणसं येणार होती. तिकडे रोमा नावाचे लोक आहेत. शेकडो वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आपल्याकडून चालत निघाले आणि अजून त्यांना कुणी "बसा" म्हणालेलं नाही. तिथं त्यांना हॉटेलात घेत नाहीत, त्यांची मुलं मंदबुद्धींच्या शाळेत घालतात, आणि चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्या दारात जातात. त्यांना बरोबरीनं वागवावं म्हणून ही संस्था भांडत होती, आणि भारतात अशा लोकांसाठी काय काय केलंय ते बघायला येत होती.

"आपण काय काय केलंय?" मी विचारलं.

"ते तुम्ही परवापर्यंत ठरवा," साहेब म्हणाले.

मी सखूबाईचं गाव ठरवलं. बाजार नुकताच झाला होता, म्हणजे पाल हमखास तिथंच. सरपंच तात्यांना जाऊन सांगितलं, की परदेशी पाहुणे भटक्या लोकांची परिस्थिती बघायला येताहेत, दिखाऊपणा काही करू नका.

तात्या म्हणजे पिळदार मिशा, पांढरीशुभ्र टोपी आणि मनानं अत्यंत उमदा माणूस. फक्त कान अर्धाच द्यायचे. "परदेशी पाहुणे" एवढं त्यांनी नीट ऐकलं.

ठरल्या सकाळी मी कचेरीची जीप घेऊन पोचलो तर गाव ओळखू येईना. रस्त्याकडेच्या प्रत्येक दगडाला चुना लावलेला. एक म्हैस रस्त्यात बसली होती, तिच्या शिंगांनाही लावलेला. केळीचे खांब, पताका, लेझीमवाली पोरं. चिंचेखाली सडा घातलेला आणि त्यावर रांगोळी : सुस्वागतम्. पाल नव्हतं. ऐरण नव्हती. बैलगाडीच्या चाकोरीवरून केरसुणी फिरवलेली.

"तात्या, घिसाडी कुठंयत?"

"काल उठावलं," तात्या अभिमानानं म्हणाले. "पाव्हनं येनार म्हनल्यावर गाव साफ करायला नगं?"

"तात्या, ते लोक घिसाड्यांनाच बघायला येताहेत!"

तात्यांनी माझ्याकडे बराच वेळ कीव आल्यासारखं पाहिलं. "इमानात बसून? घिसाड्याला?"

मी ड्रायव्हरला जीप देऊन पिटाळलं. कुणी म्हणालं गाडी लोणी देवकरच्या बाजूला गेली, कुणी म्हणालं सणसरकडे. हाकलताना दिशा कुणी विचारलेली नव्हती. पाहुणे बारामतीहून निघाल्याचा निरोप आलेला. मी पारावर बसून राजीनाम्याचा मसुदा मनात जुळवू लागलो. तेवढ्यात तात्या म्हणाले, "साहेब, येवढं काय त्वांड पाडताय? घिसाडी पायजेत न्हवं? करू की."

आणि तात्यांनी घिसाडी केले.

त्यांचा धाकटा चुलतभाऊ बबन, दोन ट्रॅक्टरांचा मालक, याला फाटका सदरा घालण्यात आला. गावात फाटका सदरा सापडेना असं नाही, पण बबनच्या मापाचा सापडेना. मग त्याचाच चांगला फाडला. बबनची बायको कमळाबाई हिला बळंच शेजारी बसवलं. थोरले दीर समोर, म्हणून तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि गावाकडे पाठ केली. भात्याच्या जागी चहाच्या हॉटेलातला हातानं फिरवायचा पंखा आला. ऐरण म्हणून ट्रॅक्टरच्या पुढचं लोखंडी वजन काढून ठेवलं. घडवायला दुकानातून कोरं करकरीत फावडं आणलं, त्यावर कंपनीचं लेबल तसंच. लेबल काढा म्हटलं तर दुकानदार म्हणाला, "परत घ्यायचंय साहेब."

पाहुणे दोनच होते. एक हेल्गाबाई, उंच, गंभीर, सतत लिहिणाऱ्या. दुसरा मिलान. चाळिशीचा, सावळा, काळ्याभोर मिशांचा, सोन्याचा एक दात. आमच्या गावच्या बाजारात उभा केला असता तर कुणी त्याला वांग्याचा भाव विचारला असता. तात्यांनी दोघांना फेटे बांधले, बारामतीहून आणलेले गुडघ्यापर्यंतचे हार घातले, आणि लाउडस्पीकरपाशी भाषणाला उभे राहिले.

"आमच्या गावात भेदभाव नावाला न्हाय! हुडकून सापडनार न्हाय! जो काय थोडाफार व्हता, त्यो आमी कालच भाईर काढला!"

हे मी जसंच्या तसं भाषांतरित केलं. हेल्गाबाईंनी लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

मग प्रात्यक्षिक. बबननं घण उचलला आणि गार फावड्यावर हाणला. फावडं मोठ्यांदा वाजलं आणि आहे तसंच राहिलं. बबननं पुन्हा हाणलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मिलान जवळ सरकला. त्यानं पंखा बघितला, लेबल बघितलं, बबनचे गुबगुबीत हात बघितले. मग मला विचारलं, "ही बाई घण का मारत नाही? आमच्याकडे बाप लोखंड धरायचा आणि आई मारायची. एकाच माणसानं धरायचं आणि मारायचं, असा लोहार मी पाहिला नाही."

मी तात्यांना सांगितलं. तात्या शहारले. "बायामानसानं घण उचलायचा? समद्या गावाम्होरं? आमच्या घरच्या?"

"तात्या, हळू," मी म्हणालो. "या आत्ता घिसाडणी आहेत."

पदराआडून आवाज आला. "भावजी म्हनत असतील तर मारते की मी."

भावजी काही म्हणायच्या आत कमळाबाई उठली, पदर खोचला, बबनच्या हातून घण घेतला. त्या घरात बारा वर्षं नांदून साठलेलं जे काही असेल ते तिनं एका दणक्यात फावड्यावर घातलं. दांडा एकीकडे, पातं एकीकडे, लेबल हेल्गाबाईंच्या वहीवर. दुकानदार खाली बसला. बबन आपणहून चार पावलं मागे सरकला. "आनखी हाय का दुसरं?" कमळाबाईनं विचारलं.

नेमकी त्याच वेळी जीप आली.

ड्रायव्हरनं सणसरच्या अलीकडे त्यांना गाठलं होतं. गाडी आणि बैल तिथंच ओळखीच्याकडे ठेवून सखूबाई, भगवान, सोनी, ऐरण आणि भाता एवढं त्यानं जीपमध्ये कोंबून आणलं होतं. सखूबाई खाली उतरली. चुन्याचे दगड बघितले. आपल्या चिंचेखालची रांगोळी बघितली. फाटक्या सदऱ्यातला बबन बघितला, आणि घण घेऊन उभी असलेली सरपंचांची भावजय बघितली.

"आता गं बया," ती म्हणाली. "आमी येका रातीचं गेलो, तर लगीच नवं घिसाडी आलं व्हय?"

सखूबाई बबनच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"कुठलं म्हनायचं पाव्हनं?"

बबननं तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी म्हशीकडे पाहिलं.

"ऱ्हावा, ऱ्हावा. जागा चांगली हाय," सखूबाई म्हणाली. "पर बाजारापतूर बरं का! बाजार झाला की उठायचं. न्हाईतर हितलं सरपंच लय वंगाळ हायत. आन् कुनाचा तांब्या हरवला तर आधीच पुढं येऊन न्हाय म्हना, तेवढाच येळ वाचतो."

पहिली हसली कमळाबाई. मग लेझीमची पोरं, मग सगळं गाव. बबनसुद्धा हसला, त्याला राग यायला हवा होता, पण घण अजून बायकोच्या हातात होता. मिलान माझी बाही ओढू लागला, काय झालं, काय झालं? मी त्याला सगळं सांगितलं : काल कुणाला उठवलं ते, बबनचे ट्रॅक्टर, बाजारापासून बाजारापर्यंत. नोकरी जाणारच होती. मग निदान भाषांतर तरी चोख करावं.

मला वाटलं तो भडकेल. तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला. म्हणाला, "आठवडाभर? एवढे दिवस? आमच्याकडे पोलीस सकाळीच येतात!" हेल्गाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, की बाजार या संस्थेची घटनात्मक स्थिती काय आहे?

तेवढ्यात भगवाननं ऐरण रोवली, भाता लावला आणि विस्तव पेटवला, कारण त्याला त्या सगळ्या प्रकारात तेवढंच कळत होतं. मिलाननं कोट काढला आणि हार-फेट्यासकट भात्याला बसला. त्याचा हात बघून भगवान नुसता "हां" म्हणाला. सखूबाईनं घण घेतला. तुटलेल्या फावड्याच्या पात्याची बघता बघता दोन खुरपी झाली. मिलाननं कपाळ पुसून हातानं खूण केली आणि म्हणाला, "पानी." सोनीनं तांब्या दिला. रोमांच्या बोलीत पाण्याला पानीच म्हणतात हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. सोनीला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. पाण्याला दुसरं काय म्हणणार?

तात्या माझ्या कानाला लागले. "साहेब, ह्यो पाव्हना नेमका कोन?"

"त्यांच्या देशातला घिसाडी."

"आन् मी त्येला फेटा बांदला?"

"कोल्हापुरी."

तात्या विचारात पडले. पुढची अडचण माझ्या आधी त्यांच्या ध्यानात आली होती. तात्यांच्या ओसरीवर पंगत मांडलेली होती. घिसाड्यांना गावात जेवण मिळे ते त्यांच्याच भांड्यात, अंगणाच्या बाहेर, वरून वाढलेलं. आता पंगतीला बोलवायला गेलं तर मिलान म्हणाला, "हे जिथं बसतील तिथं मी बसेन." मिलान बसेल तिथं हेल्गाबाई. पाहुणे बसतील तिथं सरपंच बसायलाच हवेत, नाहीतर उद्या तालुकाभर बोभाटा. सरपंच बसतील तिथं गाव. असं करत करत सगळी पंगत पत्रावळींसकट चिंचेखाली आली, आणि सुस्वागतम् वर बसून सगळ्यांनी शिरापुरी खाल्ली. सखूबाई कमळाबाईच्या शेजारी बसली होती. दोघी घण कसा पेलावा याबद्दल फार मन लावून बोलत होत्या. बबनचं लक्ष जेवणात नव्हतं.

निघताना मिलान तात्यांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "मी पुढच्या वर्षी पुन्हा येईन. तेव्हा हे लोक इथंच असतील ना?"

मी तात्यांना ते मराठीत विचारलं, पण मोठ्यांदा, लाउडस्पीकरपाशी उभा राहून. माणूस हळू विचारलं की "बघू" म्हणतो आणि माइकवर विचारलं की "अलबत" म्हणतो, हे एवढं एकच शास्त्र मी नोकरीत शिकलो.

"अलबत!" तात्या गरजले. "पाव्हनं परत येईपतूर ह्ये हितनं हालनार न्हाईत! सरपंचाचा सबूद हाय!"

लेझीम वाजली. मी तिथंच, टाळ्या थांबायच्या आत, ग्रामसेवकाला तो ठराव लिहायला लावला, तात्यांच्याच शब्दांत.

आता इथं थांबून, त्या दिवशी गावात समता अवतरली असं लिहायची सोय आहे. तसं झालं नाही. पुढच्याच आठवड्यात कुणाचा तरी तांब्या हरवला, आणि गाव सवयीनं चिंचेकडे निघालं. फरक एवढाच, की कमळाबाई वाटेत उभी राहून म्हणाली, "आधी गोठा बगा." तांब्या गोठ्यात होता. विहिरीवर सखूबाईचा नंबर पुढची बरीच वर्षं शेवटीच लागत राहिला. शेजारच्या गावात तर बाजार ते बाजार तसंच चालू होतं. तिथं पाहुणे गेले नव्हते, आणि तालुक्यातल्या प्रत्येक गावाला पुरतील इतके युरोपियन मी आणणार कुठून? ही खंत आहे, आणि ती निवृत्तीनंतर कमी झालेली नाही.

बाजार आले आणि गेले, पण पाल उठलं नाही. तात्या भेटले की विचारत, "पाव्हनं कधी येतायत?" मी सांगायचो, "यायचं चाललंय." दुसऱ्या वर्षी पालाला कुडाच्या भिंती आल्या. तात्या पाहुण्यांची वाट बघत निवृत्त झाले. नवे सरपंच आले, त्यांनीही ठराव मोडला नाही, न जाणो, आलेच तर? मग पत्रे आले, मग विटा आल्या. मिलान आला नाही. हेल्गाबाईंनी आपल्या संस्थेसाठी काहीतरी लिहिलं असं कळलं. त्यात आमच्या गावाचा उल्लेख भेदभाव एका दिवसात बाहेर काढणारं गाव असा आहे म्हणे. ठराव अजून अमलात आहे.

त्या भेटीनंतर महिनाभरानं मी चिंचेखाली गेलो होतो. सोनी दप्तर घेऊन शाळेतून येत होती. बाजार चारदा होऊन गेला होता आणि मास्तरांना नाइलाजानं पान उलटावं लागलं होतं. मी म्हटलं, काय सोनाबाई, मिळाला का दुसरा धडा? कसा आहे?

सोनीनं थोडा विचार केला.

"पयला बरा व्हता," ती म्हणाली.